१८ ते २००, एकच लेन्स



सकाळपासून निदान पाच जणांनी मला विचारलं, "एवढा मोठा कॅमेरा, अन् लेन्स एकच?" संयोजकांनी दहा मिनिटं दिलीच आहेत, तर तेच सांगते. मी सॉफ्टवेअरवर बोलणार म्हणून जे मागच्या रांगेत जाऊन बसलेत, त्यांनी पुढं यायला हरकत नाही.

माझ्या कॅमेऱ्यावर १८ ते २०० मिलीमीटरची झूम लेन्स आहे. १८ वर आपली अख्खी बॅच मावते, २०० वर इथून शेवटच्या रांगेतली जांभई दिसते. मधे काही काढायचं नाही, लावायचं नाही, फक्त कडं फिरवायचं. हा प्रकार तसा फार जुना नाही. टॅमरॉन या जपानी कंपनीनं १९९२ मध्ये २८ ते २०० ची लेन्स काढली आणि हौशी लोकांच्या हातात असलं भिंग आलं. आपण तेव्हा सातवीत होतो.

जाणकार फोटोग्राफर हिला नाकं मुरडतात, आणि त्यांचं काही चूक नाही. आत भिंगांचे गट पुढेमागे सरकतात. अकरा पट झूम द्यायचा म्हटलं की प्रत्येक टप्प्यावर ते अचूक बसत नाहीत. १८ वर कडेच्या सरळ रेषा फुगतात. रेणुकादेवीच्या देवळाचे खांब पोट सुटल्यासारखे दिसतात. हे सॉफ्टवेअरमध्ये सरळ करता येतं, त्याबद्दल माझी तक्रार नाही, तो आमचाच धंदा आहे. खरी अडचण उजेडाची. २०० वर माझ्या लेन्सचं अ‍ॅपर्चर एफ ६.३ च्या पलीकडे उघडत नाही. साधी ५० मिलीमीटरची एफ १.८ लेन्स याच्या बाराएक पट उजेड आत घेते. नवरात्रात समईच्या उजेडात फोटो काढायचा तर आयएसओ इतका वाढवावा लागतो की फोटोवर रवा पसरल्यासारखा दिसतो. लेन्समध्ये थरथर रोखायची सोय असते, पण ती आपला हात सावरते, आरती ओवाळणाऱ्याचा नाही. आणि एक बारीक खोड: गळ्यात अडकवून चाललं की नळी आपोआप घसरून लांब होते.

तरी मी हीच वापरते. गावी येते वर्षातून दोनदा, दिवाळीत आणि मे महिन्यात. दिवाळीच्या सुमारास सोयाबीनच्या राशी चाललेल्या असतात. मळणीयंत्राजवळ उभं राहून लेन्स बदलली तर भुस्कट थेट सेन्सरवर. मग पुढच्या प्रत्येक फोटोत आकाशात त्याच जागी तोच काळा ठिपका. मे महिन्यातल्या वावटळींबद्दल तुम्हाला मी काय सांगू!

पण धुळीपेक्षा मोठं कारण माणसं आहेत. कॅमेरा तीन फुटांवर आणला की आपली म्हातारी माणसं पदर, टोपी सावरून, गुडघ्यावर हात ठेवून आधार कार्डाच्या फोटोला बसल्यासारखी ताठ होतात. आणि पुढे कधीतरी तोच आधार कार्डाचा फोटो मोठा करून श्रद्धांजलीच्या बॅनरवर लागतो. तुम्ही सगळ्यांनी पाहिलेत ते बॅनर. ऐंशी वर्षं जगलेल्या बाईचा तेवढाच चेहरा मागं राहतो.

माझी मावशी किल्लारीकडची. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, आपण आठवीत असताना, तिचं दगडामातीचं घर बसलं. तिच्या घरातली माणसं वाचली. भिंतीवरचे फोटो मातीत गेले, तिच्या लग्नाचा आणि तिच्या आईचाही. पुढं नव्या गावठाणात घर मिळालं, पण त्या भिंतींवर टांगायला जुनं काहीच नव्हतं.

मागच्या दिवाळीत ती आमच्याकडे आली होती. अंगणाच्या त्या टोकाला सुपात ज्वारी पाखडत बसली होती, मी ओसरीत, पंधरा-सोळा फुटांवर. आधी १८ वर अंगण घेतलं. सूप, कोंबड्या, दोरीवरची लुगडी, सगळं. मग कडं २०० पर्यंत फिरवलं. चेहरा आणि खांद्यांनी फ्रेम भरली, मागची भिंत धूसर झाली. तेवढ्यात ती माझ्या आईशी बोलता बोलता हसली. मी पिशवीत दुसरी लेन्स शोधत असते तर ते हसू माझ्याशिवायच होऊन गेलं असतं.

फोटो दाखवला. चष्मा लावून बराच वेळ पाहत राहिली आणि म्हणाली, "अगं, ही तर माझी माय दिसायली."

तो फोटो बारा बाय अठरा इंची छापून दिला. जाणकार माणूस त्यात डाव्या कोपऱ्यातला मऊपणा दाखवील. त्या कोपऱ्यात भिंतीचा गिलावा आहे.

तेव्हापासून गल्लीतल्या वीसेक वडीलधाऱ्यांचे असे फोटो काढून दिलेत. कुणी विचारलं की काय घ्यावं, तर मी आधी हीच लेन्स सांगते. घरातले, रात्रीचे फोटो जास्त काढायला लागलात की मग ती ५० ची घ्या, महाग नसते.

उद्या दुपारपर्यंत मी गावातच आहे. कुणाच्या घरी आई, वडील, आजी असतील तर आज जेवताना सांगून ठेवा. सकाळी नऊच्या आत बरं पडेल, तेव्हा ओसरीत उजेड तिरपा येतो. त्यांना नवी साडी नेसवू नका, खुर्चीवर बसवू नका, मी येणार हेही सांगितलं नाहीत तर उत्तम. रोजचं काय ते करू द्या. मी लांब उभी राहीन.