पाण्याने रचलेले पदर
(वसंत व्याख्यानमालेत दिलेले व्याख्यान)



यवतमाळच्या काळ्या जमिनीला आपण भारी जमीन म्हणतो. तिचा भारीपणा कुठून आला, ते आज पाहू.

सुमारे 6.6 कोटी वर्षांपूर्वी दख्खनवर लाव्हाचे थरावर थर पसरले आणि थिजून काळा पाषाण, म्हणजे बेसॉल्ट, झाला. आपली काळी माती बहुतांशी त्याचीच. पण पाषाण नुसता कुटला तर त्याचा चुरा होईल, काळी माती होणार नाही. त्यासाठी खडकातली खनिजे आधी विरघळावी लागतात आणि मग नव्याने रचली जावी लागतात.

हे काम पाणी करते. हवेतला आणि मुळांजवळचा कार्बन डायऑक्साइड घेऊन ते किंचित आम्लधर्मी होते आणि खडकातून सिलिका, कॅल्शियम, मॅग्नेशियम सोडवते. पुढचे सारे निचऱ्यावर अवलंबून. कोकणात अडीच-तीन हजार मिलिमीटर पाऊस ही द्रव्ये धुऊन नेतो. मागे लोह आणि ॲल्युमिनियम उरून जांभा बनतो. आपल्याकडे पाऊस हजार मिलिमीटरच्या आसपास, तोही चार महिने. सखल जागी सुटलेली द्रव्ये तिथेच राहतात आणि त्यांतून स्मेक्टाइट हे चिकणखनिज घडते. खडक एकच, पण कुठे काय वाहून गेले आणि काय उरले, त्यावरून मातीची जात ठरली.

या खनिजाची घडण पाहण्यासारखी आहे. एका सिलिकॉनभोवती चार ऑक्सिजन, असे गट कोपऱ्याला कोपरा जोडून षट्कोनी जाळीचा पापुद्रा करतात. असे दोन पापुद्रे आणि त्यांच्यामध्ये ॲल्युमिनियमचा एक, मिळून एक पदर. त्याची जाडी जेमतेम 1 नॅनोमीटर. 1 मिलिमीटरच्या थरात असे सुमारे दहा लाख पदर मावतील. पाच-सहा ग्रॅम शुद्ध स्मेक्टाइटचे सगळे पदर उलगडले, तर त्यांचा पृष्ठभाग एकरभर भरतो. 2004 साली मँचेस्टरमध्ये गाईम आणि नोवोसेलोव्ह यांनी चिकटपट्टीने ग्रॅफाइटचा एकेक पदर सोलून काढला आणि 2010 मध्ये त्यांना नोबेल मिळाले. तितकीच नाजूक रचना आपल्या वावरात पाणी गुपचूप करत आले आहे.

पदरात काही ॲल्युमिनियमच्या जागी मॅग्नेशियम बसतो, त्यामुळे पदरावर ऋण भार येतो. तो भागवायला कॅल्शियमचे आयन दोन पदरांमध्ये शिरतात आणि सोबत रेणूभर जाडीचे पाण्याचे थर ओढतात. असे दोन थर आत आले की एका पदराच्या तळापासून पुढच्या पदराच्या तळापर्यंतचे अंतर 1 वरून दीड नॅनोमीटर होते. जूनमध्ये माती फुगते ती यामुळे आणि उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पडतात त्याही यामुळेच. घराच्या पायातून काळी माती काढून मुरूम भरायचा तो याचसाठी. पऱ्हाटी पावसाच्या खंडात तग धरते, कारण माती पाणी राखून ठेवते. आणि वाफसा नसताना वखर घातला तर ढेकळे होतात, कारण ओले पदर एकमेकांवर घसरून दाबले जातात.

असे पदर घडायला हजारो वर्षे जातात, वाहून जायला एक जोराचा पाऊस पुरतो. सर्वांत बारीक कण गढूळ पाण्यात सर्वांत लांब जातात आणि तेच हे चिकणखनिज. म्हणून उताराला आडवी पेरणी करा, धुरे राखा, पाणी शेतातच मुरवा. ज्या थांबलेल्या पाण्याने ही माती घडवली, तेच तिला जपेल.