पाटी बाईची, नाव कुणाचं?

आपल्या कळमनुरीजवळ पैनगंगेवर इसापूरचं धरण आहे. तिथं भोई मंडळी संध्याकाळी जाळं लावतात, पहाटे काढतात. रोहू, कटला, कधी मरळ. पुढचं सारं बाईचं. मासळी निवडायची, पाटी भरायची, बाजारात बसून खवले काढून तुकडे करून द्यायचे, वर गिऱ्हाइकाची घासाघीस ऐकायची. श्रावणात तर खाणारेच कमी. तेव्हा घर ओढायचं तिनंच. आणि सोसायटीच्या वहीत नाव बहुतेक घरी नवऱ्याचं!

2018-19 पासून किसान क्रेडिट कार्ड मच्छीमारांनाही आहे, महिला बचत गटांनाही. तळं ठेक्यानं घेतलेलं असलं तरी चालतं. बँकेत जाण्याआधी ठेक्याचा कागद काढा, त्यावर नाव कुणाचं आहे ते वाचून घ्या.