पदवीधरांना खुली असलेली वाट



‘मुलगी बी. ए. झाली, आता कायद्याकडे वळायला उशीर झाला,’ असे उद्गार आपल्या मंडळात वरचेवर कानी येतात. बारावीनंतरच्या ५ वर्षांच्या अभ्यासक्रमामुळे हा समज रूढ झाला आहे. तो दूर व्हावा, एवढ्याचसाठी आम्ही आज उभे आहोत.

विहित गुण मिळविलेल्या कोणत्याही विषयाच्या पदवीधराला ३ वर्षांचा एल्‌एल. बी. अभ्यासक्रम खुला आहे. त्यासाठी महाराष्ट्रातच जावे लागते असेही नाही. दिल्ली वा बनारस येथेही ती सोय आहे. पुढे राज्याच्या बार कौन्सिलकडे नोंदणी करून अखिल भारतीय बार परीक्षा उत्तीर्ण झाल्यावर वकिली करता येते.

सॉलिसिटर होणे ही त्यापुढची पायरी. मुंबई उच्च न्यायालयाच्या मूळ शाखेत अशिलाचे म्हणणे ऐकून कागदपत्रे सिद्ध करणे हे सॉलिसिटरचे काम, तर न्यायासनापुढे युक्तिवाद करणे हे अ‍ॅडव्होकेटचे, अशी विभागणी होती. १९७६ च्या दुरुस्तीने अ‍ॅटर्नी हा कायद्यातील निराळा वर्ग संपुष्टात आला. तथापि, बॉम्बे इनकॉर्पोरेटेड लॉ सोसायटीची सॉलिसिटर परीक्षा चालू राहिली आणि तिची प्रतिष्ठाही टिकली. तिच्यासाठी अनुभवी सॉलिसिटरच्या हाताखाली ३ वर्षे उमेदवारी करावी लागते. ही परीक्षा कठीण आहे. उमेदवारीच्या काळात मिळकत बेताची आणि मुंबईचा खर्च मोठा, याचा विचार घरात आधीच व्हावा. वकिलीसाठी ही परीक्षा सक्तीची नाही, हेही ध्यानी असावे.

मग पहिल्या पदवीची वर्षे वाया गेली काय? मुळीच नाही. इतिहासाच्या विद्यार्थ्याला जुना कागद पारखण्याची सवय असते, वाणिज्याच्या विद्यार्थ्याला ताळेबंद वाचता येतो, अभियंत्याला बांधकामाच्या करारातील मर्म उमगते. सॉलिसिटरचे निम्मे काम वाचन आणि लेखन हेच असते.

पालकांना एक विनंती. सातबारा, फेरफार, जुनी खरेदीखते मराठीत असतात. परप्रांतात वाढलेल्या आपल्या मुलांना मराठी नुसती बोलता येऊन भागणार नाही; ती वाचता-लिहिता आली, तर मुंबईच्या कचेरीत त्यांचे पाऊल अडखळणार नाही. निर्णय मात्र त्यांचा त्यांना घेऊ द्यावा.