पूल का कोसळतात?

१५ मे २०१८ रोजी वाराणसीच्या कँट स्थानकाजवळ, बांधकाम चालू असलेल्या उड्डाणपुलाच्या तुळया खालील वाहनांवर कोसळल्या. त्या आडव्या तुळयांनी एकमेकींना जखडलेल्या नव्हत्या आणि खालची रहदारीही थांबवलेली नव्हती. महाडचा ब्रिटिशकालीन दगडी पूल २०१६ साली सावित्रीच्या महापुरात एसटी गाड्यांसह वाहून गेला. इटलीतील जिनोआच्या पुलाचे पोलादी ताण काँक्रीटच्या आवरणाआड गंजत गेले. २०१८ मध्ये ४३ माणसे दगावली. कारणे देशोदेशी निराळी, परंतु वेळीच तपासणीची गरज सर्वत्र सारखी. वाराणसीतच गंगेवरील १८८७ चा मालवीय पूल आजही रेल्वेचा भार वाहतो आहे. या शाळेतून उद्या जो अभियंता होईल, त्याने पुलाच्या कागदावर सही करण्यापूर्वी एकदा पुलाखाली उभे राहून पाहावे.