स्वप्न, हुन्नर आणि सबुरी
(संस्थेच्या वार्षिक पालक-विद्यार्थी मेळाव्यात एका सहशिक्षकाने केलेले भाषण)



या व्यासपीठावरून दरवर्षी डॉक्टरी, इंजिनिअरिंग, वकिली आणि स्पर्धा परीक्षा यांविषयी मार्गदर्शन होते. ते आवश्यकच आहे. परंतु आज मी अशा एका वाटेविषयी बोलणार आहे, की जिचे नाव मुलाने घरात काढले तर वडिलांचा हात जेवणाच्या ताटातच थांबतो. ती वाट म्हणजे अभिनय आणि चित्रपटनिर्मिती.

हा विषय मी हौसेने निवडलेला नाही. यंदा अकरावीच्या वर्गातील दोन मुले आणि एक मुलगी माझ्याकडे आली. "सर, आम्हाला सिनेमा करायचा आहे," असे त्यांनी सांगितले. आठवड्याच्या आत त्यांपैकी एकाचे वडील शाळेत आले व म्हणाले, "सर, तुमचे तो ऐकतो. एवढे खूळ त्याच्या डोक्यातून काढा." दोघांचेही म्हणणे मी ऐकून घेतले. बापाची काळजी खोटी नाही आणि मुलाची ओढही खोटी नाही. मग शिक्षकाने काय करावे? मला वाटते, त्याने प्रथम माहिती द्यावी. म्हणून काही खरी उदाहरणे आपणांपुढे ठेवतो.

पहिले उदाहरण नाशिक जिल्ह्यातील त्र्यंबकेश्वर येथे १८७० साली जन्मलेल्या धुंडिराज गोविंद फाळके यांचे. चाळिशी उलटल्यावर त्यांनी चित्रपट काढण्याचे मनावर घेतले. लोकांनी वेड्यात काढले. अतिश्रमाने काही काळ दृष्टी अधू झाली. त्यांनी आपली विम्याची पॉलिसी गहाण टाकली आणि १९१२ साली लंडनला जाऊन कॅमेरा आणला. आल्याबरोबर मोठा चित्रपट काढला का? नाही. कुंडीत वाटाणा पेरून त्याचे रोप कसे वाढते, याचे छोटेसे चित्रण त्यांनी केले व ते दाखवून भांडवल देणाऱ्यांचा विश्वास मिळविला. स्त्रीभूमिकेला बाई मिळेना, तेव्हा उपाहारगृहात काम करणाऱ्या अण्णा साळुंके या तरुणाला तारामतीचे काम दिले. पत्नी सरस्वतीबाई संपूर्ण कंपनीचा स्वयंपाक सांभाळून फिल्म धुण्याचे कामही करीत. ३ मे १९१३ रोजी 'राजा हरिश्चंद्र' मुंबईत लोकांसमोर आला. या कथेतील वाटाण्याचे रोप मला फार महत्त्वाचे वाटते. आधी लहान काम पूर्ण करून दाखवावे, मोठे मागणे नंतर मागावे.

दुसरे उदाहरण त्याच जिल्ह्यातील आहे आणि ते आपल्या समाजाच्या अगदी घरचे आहे. मालेगाव! यंत्रमागांची खडखड दिवसरात्र चालणारे आणि शुक्रवारी विसावणारे गाव. तेथे नासिर शेख नावाचा तरुण व्हिडिओ पार्लर चालवीत असे. देशोदेशीचे चित्रपट लोकांना दाखविता दाखविता तो स्वतः ते बारकाईने पाहत गेला. पार्लर हीच त्याची शाळा. २००० साली त्याने मित्रांना जमवून 'मालेगाव के शोले' हा विनोदी चित्रपट सुमारे ५०,००० रुपयांत तयार केला. घोडे परवडत नव्हते, तर डाकू सायकलींवर आले. कॅमेरा सरकविण्यासाठी लागणारी महागडी यंत्रे नव्हती. सायकल आणि बैलगाडी कामी आली. कलावंत कोण? मागावरचे कामगार आणि लहानसहान दुकानदार. गावाने तो चित्रपट डोक्यावर घेतला.

पुढे त्यांनी मालेगावचा सुपरमॅन काढला. त्याच्या चित्रीकरणात कॅमेरा पाण्यात पडला. गरिबाच्या चित्रपटात कॅमेरा पाण्यात पडणे म्हणजे शेतकऱ्याचा बैल ऐन पेरणीत बसण्यासारखे आहे. त्यांनी तो दुरुस्त करविला व काम पुढे चालू ठेवले. सुपरमॅनचे काम करणारा शफीक शेख हा सडपातळ तरुण यंत्रमागावर मजुरी करीत असे. या मंडळींवर फैझा अहमद खान या दिग्दर्शिकेने २००८ साली माहितीपट केला. तो २०१२ साली देशातील चित्रपटगृहांत लागला. पण तोवर शफीक या जगात नव्हता. २०११ साली कर्करोगाने तो गेला. रीमा कागती यांनी याच मित्रांच्या आयुष्यावर काढलेला चित्रपट २०२४ साली कॅनडातील टोरांटो महोत्सवात आणि २८ फेब्रुवारी २०२५ रोजी भारतात प्रदर्शित झाला.

पालकहो, ही कथा मी गोड करून सांगत नाही. या मित्रांपैकी कोणी मुंबईत बंगले बांधले नाहीत. परंतु मागाच्या धुरळ्यात राबणाऱ्या माणसाला आपला चेहरा पडद्यावर पाहण्याचा आणि गावाला पोट धरून हसविण्याचा आनंद त्यांनी मिळवून दिला. यश फक्त पैशाच्या तराजूत तोलावयाचे, तर मग आम्हा शिक्षकांचे काय होईल?

तिसरे उदाहरण अभिनयाचे. राजस्थानातील इरफान खान. वडिलांचा टायरचा व्यवसाय होता. एम.ए. चे शिक्षण चालू असता १९८४ साली त्याला दिल्लीच्या राष्ट्रीय नाट्य विद्यालयाची शिष्यवृत्ती मिळाली. 'सलाम बॉम्बे' या १९८८ सालच्या चित्रपटासाठी निवड झाली खरी, पण भूमिका कापून अगदी लहान करण्यात आली. त्यानंतर सुमारे दहा-बारा वर्षे दूरदर्शन मालिकांतील कामे करीत त्याने दिवस काढले. २००१ साली 'द वॉरियर'मुळे जगाचे लक्ष गेले आणि 'पानसिंग तोमर'साठी त्याला उत्कृष्ट अभिनेत्याचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. २०२० साली तो गेला, तेव्हा त्याला कधी न भेटलेल्या माणसांनीही डोळे पुसले. विद्यार्थ्यांनो, त्या पुरस्काराकडे पाहताना मधल्या वर्षांकडेही पाहा. त्या काळात त्याने आपल्या कामाची धार बोथट होऊ दिली नाही. सबुरी म्हणतात ती हीच. हातावर हात ठेवून वाट पाहणे म्हणजे सबुरी नव्हे.

आता नाण्याची दुसरी बाजू. काही वर्षांपूर्वी आमचा एक माजी विद्यार्थी बारावीची परीक्षा अर्धवट टाकून मुंबईला गेला. मालिकेत काम मिळवून देतो, असे सांगून एका मध्यस्थाने त्याच्याकडून फोटो आणि नोंदणीच्या नावाखाली पैसे घेतले. ते पैसे आईची बांगडी मोडून आले होते. दोन महिन्यांनी त्या कार्यालयाला कुलूप दिसले. मुलगा परत आला, पण शरमेने कितीतरी दिवस घराबाहेर पडला नाही. फाळक्यांनीही पॉलिसी गहाण टाकली होती. मग फरक कोणता? फाळक्यांनी स्वतःची मिळकत पणाला लावून हुन्नर आणि साधन मिळविले. आमच्या मुलाने आईची मिळकत देऊन केवळ एक आश्वासन विकत घेतले. काम देण्यासाठी जो आधी पैसे मागतो, त्याच्या दारातूनच परत फिरावे. एवढी एक गोष्ट आज येथून घेऊन गेलात, तरी माझे बोलणे वाया गेले नाही असे मी समजेन.

तर मग करावे काय? विद्यार्थ्यांनो, प्रथम पदवी घ्या. दिल्लीच्या राष्ट्रीय नाट्य विद्यालयाच्या पदविकेसाठी पदवी आणि नाटकांत काम केल्याचा अनुभव लागतो. पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये अभिनयाबरोबरच दिग्दर्शन, छायाचित्रण, संकलन आणि ध्वनिमुद्रण शिकविले जाते. पुणे विद्यापीठात ललित कला केंद्र आहे, मुंबई विद्यापीठातही नाट्यशिक्षणाची सोय आहे. चित्रपट म्हणजे केवळ नायक-नायिका नव्हेत. लिहिणारा, कापणारा, आवाज जुळविणारा, दिवे लावणारा असे कितीतरी कसबी हात त्यामागे असतात, आणि त्या कसबावर संसार चालतात. दुसरे, मराठी, उर्दू, हिंदी या भाषा स्वच्छ बोलावयास शिका, कारण ज्याची जीभ अडखळते त्याचा अभिनयही अडखळतो. आणि तिसरे, आज तुमच्या खिशातील मोबाइलमध्ये २००० सालच्या नासिरच्या कॅमेऱ्यापेक्षा चांगले चित्र येते. साधन नाही, ही सबब आता चालणार नाही.

मुलींच्या पालकांना विशेष विनंती. १९२६ साली 'बुलबुल-ए-परिस्तान' दिग्दर्शित करणारी फातमा बेगम ही आपल्या देशातील पहिली स्त्री दिग्दर्शक मानली जाते. शंभर वर्षांपूर्वी जे एका स्त्रीला जमले, त्याचा आज नुसता विचार करणाऱ्या मुलीला गप्प बसवू नका.

काही वडीलधाऱ्यांना हे क्षेत्रच अयोग्य वाटते. त्यांच्या भावनेचा मी आदर करतो आणि त्या वादात पडण्याचा मला अधिकार नाही. माझे म्हणणे एवढेच, की नकार द्यावयाचा असेल तर तो मुलाचे पूर्ण ऐकून घेऊन द्यावा. चोरून पळालेला मुलगा मध्यस्थाच्या हाती सापडतो. घरी सांगून गेलेल्या मुलाला परतीचे दार उघडे असते.

मुख्याध्यापकांच्या संमतीने मी एक गोष्ट जाहीर करतो. दिवाळीच्या सुट्टीत या तीन विद्यार्थ्यांनी आपल्या गावावर दहा मिनिटांचा चित्रपट तयार करावयाचा आहे. अटी दोन: सहामाही परीक्षेत प्रत्येकास किमान साठ टक्के गुण हवेत, आणि खर्च ५०० रुपयांच्या आत हवा. सुट्टी संपल्यानंतरच्या पहिल्या शनिवारी याच सभागृहात तो दाखविला जाईल. पालकांनी अवश्य यावे, चित्रपट पाहावा आणि मगच आपल्या मुलांविषयी मत बनवावे. चित्रपट फसला, तर का फसला हे आपण सर्व मिळून शोधू. तोही अभ्यासच आहे.