भिंत नसलेला जंतू

 

मूल खोकू लागले की आपल्या घरांतून एक उपाय ठरलेला असतो. मागच्या आजारात उरलेली कॅप्सूलची अर्धी पट्टी कपाटातून निघते आणि मुलाला दिली जाते. पुष्कळदा तिचा काहीच गुण येत नाही. याचे एक कारण आज आपणांपुढे मांडावयाचे आहे.

बहुतेक जिवाणूंभोवती एक मजबूत भिंत असते. तिला पेशीभित्तिका म्हणतात. पेनिसिलिन आणि त्याच्या कुळातील अँपिसिलिन, अमॉक्सिसिलिन ही औषधे या भिंतीच्या बांधकामातच अडथळा आणतात. भिंत कच्ची राहिली की जंतू फुटून मरतो. परंतु मायकोप्लाझ्मा जातीच्या जंतूंना भिंतच नसते, नुसता पातळ पापुद्रा असतो. गवंड्यांनी संप केला म्हणून तंबूचे काय बिघडणार?

या जंतूने शास्त्रज्ञांनाही पुष्कळ चकविले. १९४४ साली अमेरिकेत ईटन यांनी न्यूमोनियाच्या रोग्यांचा कफ अतिशय बारीक गाळणीतून गाळला. साधे जिवाणू त्यातून जात नाहीत, हा मात्र पार झाला. त्यामुळे तो विषाणूच असावा असे पुढे कित्येक वर्षे मानले गेले. १९६२ मध्ये चॅनॉक, हेफ्लिक आणि बॅरिल यांनी तो जिवंत पेशींवाचून, प्रयोगशाळेतील खाद्यावर वाढवून दाखविला. विषाणू असा वाढत नाही. तेव्हा हा जिवाणूच, पण बिनभिंतीचा, हे सिद्ध झाले.

त्याचा न्यूमोनिया शाळकरी मुलांत व तरुणांत विशेष आढळतो. घसा दुखतो, ताप येतो, डोके जड होते आणि कोरडा खोकला कित्येक आठवडे हटत नाही. रोगी मात्र चालताफिरता असतो, शाळेतही येतो! खोकल्याच्या तुषारांतून संसर्ग झाल्यावर लक्षणे दिसावयास साधारणतः दोन-तीन आठवडे लागतात. म्हणून वसतिगृहात किंवा एका खोलीत राहणाऱ्या कुटुंबात एक बरा होतो न होतो तोच दुसरा खोकू लागतो, आणि हा आजार एकाकडून दुसऱ्याकडे आला हे कुणाच्या ध्यानातही येत नाही. पुष्कळ जण आपोआप बरे होतात. क्वचित अंगावर पुरळ उठते, रक्त कमी होते किंवा मेंदूला सूज येते.

यावर एरिथ्रोमायसिन, अझिथ्रोमायसिन आणि मोठ्यांसाठी डॉक्सिसायक्लिन अशी वेगळ्या तऱ्हेने काम करणारी औषधे आहेत. पण ही नावे वहीत टिपून परस्पर औषधाच्या दुकानात जाऊ नका. चीन व जपानमध्ये यांपैकी पहिल्या दोन औषधांना न जुमानणारे मायकोप्लाझ्मा मोठ्या प्रमाणावर आढळले आहेत. शिवाय खोकला दोन आठवड्यांहून अधिक टिकला तर आपल्या देशात प्रथम क्षयाची शंका घ्यावी लागते. त्यासाठी थुंकीची तपासणी सरकारी दवाखान्यात मोफत होते.