स्थिर वास्तू, चालती सावली

(मंडळाच्या सभेत दिलेले भाषण)



नगरातील वास्तूंचे अद्भुत दर्शन मुद्राचित्रांतून आणि गतिशिल्पांतून कसे घडते, यावर बोलण्याचा अधिकार खरे पाहता कलेच्या जाणकाराचा. माझे आयुष्य फायलींत गेले. तथापि ज्या वास्तूविषयी बोलावयाचे आहे ती आपल्या नित्याच्या वाटेवरची आहे, एवढ्याच बळावर हे धाडस करीत आहे. ती वास्तू म्हणजे जंतर मंतर.

डच मुद्राचित्रकार एशर याने 1953 साली 'रिलेटिव्हिटी' हे शिलामुद्रित चित्र केले. त्यातील जिन्यांपैकी वर जाणारा कोणता आणि खाली उतरणारा कोणता, हे उमगत नाही. अशी रचना स्वप्नातच संभवते, असे आपण म्हणतो. पण संसद मार्गावर तसा एक जिना विटा-चुन्यात उभा आहे! सम्राट यंत्राच्या पायऱ्या सुमारे एकवीस मीटर उंचीपर्यंत चढत जातात, आणि वर ना दालन, ना देव्हारा, केवळ आकाश.

जयपूरचे सवाई जयसिंग यांनी 1724 मध्ये ही वेधशाळा उभारली. पुढे 1789 मध्ये थॉमस डॅनियल व त्याचा पुतण्या विल्यम हे इंग्रज चित्रकार दिल्लीत आले. त्या वेळी येथे महादजी शिंदे यांचा अंमल होता, हे आपण मराठी माणसांनी ध्यानात ठेवण्याजोगे आहे. तांब्याच्या पत्र्यावर राळेची पूड बसवून, आम्लाने तो खाऊ देऊन छायेच्या छटा उमटविण्याची 'ॲक्वाटिंट' ही रीत त्यांनी साधली होती. 1795 ते 1808 या काळात प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या 144 चित्रांच्या संग्रहात या वेधशाळेचीही चित्रे आहेत. तोवर वेधशाळेला अवकळा आली होती. चित्रातील ते आकार पाहून दूरदेशीच्या प्रेक्षकाला ही कल्पनेतील नगरी वाटली असल्यास नवल नाही. परंतु चित्रकारांनी पदरचे काही घातले नव्हते. अद्भुत होती ती वास्तूच.

मात्र ताम्रपटावर सावली थिजते. प्रत्यक्षात ती चालते. यंत्राची तिरकी भिंत दिल्लीच्या अक्षांशाइतकी, म्हणजे सुमारे साडेअठ्ठावीस अंश कललेली असून ती पृथ्वीच्या आसाशी समांतर आहे. तिची छाया बाजूच्या वर्तुळखंडावरून मिनिटाला तीन-चार बोटे सरकते. विसाव्या शतकात पाश्चात्त्य शिल्पकारांनी वाऱ्याने वा यंत्राने हलणारी शिल्पे घडविली. येथे शिल्प अचल आहे; हलतो तो आपल्या पायाखालचा गोल!

माझे वडील एकदा गावाहून आले होते. अंगणातील खांबाच्या सावलीवरून वेळ सांगणारा तो पिढीचा माणूस. यंत्रापाशी उभे राहून त्यांनी विचारले, "ही सावली खरी, की तुझे घड्याळ?" मला उत्तर देता आले नाही. पुढे कळले की दोन्ही खरी. आपले घड्याळ साडेब्याऐंशी रेखांशाची वेळ दाखविते. दिल्लीचा सूर्य त्याच्या सरासरी एकवीस मिनिटे मागे असतो. आणि दिल्लीत माध्यान्ह झाल्यावर पुण्यात ती होण्यास आणखी तेरा-चौदा मिनिटे लागतात. इतकी वर्षे येथे राहून मी मनगटावरील वेळ पाहिली, या भूमीची वेळ कधी पाहिली नाही, याची त्या दिवशी खंत वाटली.

आज यंत्रांवरील अंशांच्या खुणा बऱ्याच ठिकाणी झिजल्या आहेत. भोवतालच्या उंच इमारती सूर्याच्या आड येतात. नव्या नगराच्या सावलीने जुन्या नगराची सावली पुसावी, ही खरी विपरीत गोष्ट होय. खुणा पुन्हा कोरता येतील. पण अडलेले आकाश मोकळे करणे कठीण. म्हणून यापुढे तरी नव्या बांधकामांच्या उंचीचा विचार करताना या वास्तूचे आकाश हेही जतनाचे धन मानले पाहिजे.

आपण आपली मुले सुटीत गावी नेतो, ते योग्यच आहे. पण एखाद्या रविवारी सकाळी त्यांना येथेही न्यावे, दहा मिनिटे स्वस्थ उभे करावे आणि सावली चालताना दाखवावी. ज्या नगराचे अन्न खाल्ले त्याची ओळख करून घेणे, हेही एक ऋण फेडणेच आहे.